दत्ताजीरावांची डावी किडनी

देवासच्या दत्ताजीराव मोहित्यांना जानेवारीतल्या एका सकाळी लाल लघवी झाली. दुखले नाही, जळजळले नाही, नुसती लाल. त्यांनी थोडा वेळ खाली पाहिले, मग आदल्या दिवशी आपण काय काय खाल्ले ते आठवले. त्यात बीटाची कोशिंबीर सापडली आणि ते निर्धास्तपणे चहा प्यायला गेले.

मग काही दिवस सगळे ठीक होते. पुन्हा लाल झाली तेव्हा बीट नव्हते, पण गाजराचा हलवा होता. त्यानंतरच्या खेपेला बीटही नव्हते आणि गाजरही नव्हते. दत्ताजीरावांना जरा विचार करावा लागला, पण विचारांती त्यांना आदल्या संध्याकाळची लसणाची लाल शेव आठवली आणि प्रश्न सुटला. दुर्दैवाने त्या दिवशी फ्लशची टाकी बिघडली होती आणि शेव आठवण्याच्या नादात ते बादलीभर पाणी टाकायला विसरले. त्यांच्या पाठोपाठ बकुळाबाई गेल्या.

बाहेर येऊन त्यांनी विचारले, "अहो, हे काय आहे?"

"शेव."

"शेव?"

"काल खाल्ली ना आपण. तिचा रंग उतरला."

"मीपण खाल्ली," बकुळाबाई म्हणाल्या. "माझा नाही उतरला."

वीज मंडळातून निवृत्त होऊन दत्ताजीरावांना काही वर्षे झाली होती. तब्येत दणकट होती, मिशा अजून काळ्या होत्या, आणि जेवणानंतर एक व बाकी सगळ्या जेवणाआधी अशा सिगरेटी सोडल्या तर कसले व्यसन नव्हते. डॉक्टरकडे जाणे त्यांना कमीपणाचे वाटे. पण बकुळाबाईंनी चपला घातल्या होत्या, आणि त्यांनी चपला घातल्यावर घरात वाद होत नसे.

डॉक्टर वैभवी घाटगे या मूत्ररोगांच्या सर्जन. देवासातच वाढलेल्या. शाळा हिंदी, कॉलेज इंग्रजी, त्यामुळे त्यांच्या मराठीत अधूनमधून या दोन्ही भाषा येऊन बसत, आणि 'हो'च्या जागी तिकडचे 'हव' येई. त्यांनी सगळे ऐकून घेतले. शेवेचाही भाग ऐकून घेतला.

"बिना दर्द के खून, हे मला आवडत नाही, काकासाहेब," त्या म्हणाल्या. "दुखलं असतं तर मी कमी घाबरले असते. सोनोग्राफी करा. आजच."

सोनोग्राफीसाठी लघवीची पिशवी भरलेली लागते. बाहेरच्या बाकावर दत्ताजीरावांना पाण्याच्या बाटल्या देण्यात आल्या आणि जोरात लागली की सांगा, असे सांगण्यात आले. त्या बाकावर बसलेले सगळेच पाणी पिऊन बसलेले होते. कोणी कोणाशी बोलत नव्हते. एक गृहस्थ डोळे मिटून होते. कोणाच्या तरी मोबाइलवर एक विनोदी व्हिडिओ वाजला तर सगळ्यांनी त्याच्याकडे असे पाहिले की त्याने तो लगेच बंद केला. हसणे त्या बाकावर कोणालाच परवडणारे नव्हते. दत्ताजीरावांचा नंबर आला तेव्हा ते आत चालत गेले नाहीत, सरकत गेले.

सोनोग्राफीनंतर शिरेत औषध सोडून सीटी स्कॅनही झाला, आणि दोन्ही हाती आल्यावर डॉक्टरांनी नवराबायकोला समोर बसवले.

"दोन गोष्टी आहेत," त्या म्हणाल्या. "एक मजेची, एक कामाची. पहले कौनसी?"

"मजेची," दत्ताजीराव म्हणाले.

पुढे डॉक्टरांनी कबूल केले की असे विचारायलाच नको होते. पण तेव्हा त्यांनी कागद ओढला आणि चित्र काढले. "तुमची उजवी किडनी नॉर्मल आहे. डावी डबल आहे. आईच्या पोटात असताना कधी कधी असं होतं. एकाच किडनीत वरचा हिस्सा वेगळा, खालचा वेगळा. नळ्यापण दोन. दोन्ही वेगवेगळ्या येऊन पिशवीत उघडतात. दोन नळ्या शेवटपर्यंत वेगळ्या असलेले लोक फार कमी असतात. तुम्हाला जन्मभर त्रास झाला नाही, पुढेही होणार नाही बहुतेक."

दत्ताजीरावांनी चित्र हातात घेतले.

"म्हणजे एकाच जागेत दोघं."

"हव."

"दोघांचा कारभार वेगळा."

"हव."

"आणि मध्ये हद्द?"

"मध्ये एक पट्टी आहे टिश्यूची. हद्द म्हणा."

दत्ताजीरावांनी चित्र टेबलावर ठेवले, चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

"देवास," ते म्हणाले.

"जी?"

"हे देवास आहे."

ज्याला देवासचा इतिहास ठाऊक नाही त्याला हे कळणार नाही. या एकाच गावात स्वातंत्र्यापर्यंत दोन राज्ये होती. दोघा भावांच्या दोन शाखा, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन राजे, दोन राजवाडे, दोन दरबार, आणि दोघांच्या हद्दी गावाच्या मधूनच गेलेल्या. मोहित्यांचे पूर्वज थोरल्या पातीत शिलेदार होते. दत्ताजीराव जन्मले तेव्हा दोन्ही राज्ये जाऊन कितीतरी वर्षे झाली होती, पण घरात अजून "आपल्या पातीत" आणि "त्यांच्या पातीत" असे बोलत. आणि आता आपल्या कमरेत, डाव्या बाजूला, दोन्ही पात्या जन्मापासून नांदत आहेत, हे त्यांना आज कळले होते.

"आता कामाची गोष्ट," डॉक्टर म्हणाल्या. "पिशवीच्या डाव्या भिंतीवर एक गाठ आहे. छोट्या बोराएवढी. खून तिच्यातून येतो. ती काढून तपासावी लागेल. पोट फाडायचं नाही, लघवीच्या रस्त्यानेच दुर्बीण घालून काढायची. कॅन्सर असू शकतो. अशा गाठी पुष्कळदा वरवरच्या असतात, लवकर काढल्या तर माणूस चांगला राहतो. पण बसून राहायचं नाही."

बकुळाबाईंनी मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरली.

"मोठी कोणती?" दत्ताजीरावांनी विचारले.

"गाठ एकच आहे."

"गाठ नाही. पाती. वरची मोठी की खालची?"

डॉक्टरांनी बकुळाबाईंकडे पाहिले. "खालची. काकासाहेब, मी गाठीबद्दल बोलते आहे."

"हो, हो. ऐकलं मी."

डॉक्टरांनी पुढच्या गुरुवारची तारीख दिली. बकुळाबाईंनी ती लक्षात ठेवली. दत्ताजीरावांनी चित्र घडी करून खिशात ठेवले.

त्यांनी ते चित्र पहिल्यांदा तात्यांना दाखवले. तात्या हे त्यांचे फिरायला जाण्याचे सोबती, निवृत्त भूगोलशिक्षक. रोज सकाळी दोघे टेकडीच्या पायथ्याच्या रस्त्याने फिरत. तात्यांचे पूर्वज धाकट्या पातीत होते. तात्यांनी चित्र नकाशासारखे धरून नीट पाहिले.

"वरची कोणती?"

"थोरली."

"का?"

"वर आहे म्हणून."

"पण खालची मोठी दिसते."

"डॉक्टर म्हणाली तसं. आकाराने मोठी आहे."

"मग सुनो भिया," तात्या म्हणाले, "आकाराने मोठी ती थोरली. वर असण्याने काय होतं? मध्य प्रदेशाच्या वर उत्तर प्रदेश आहे, म्हणून तो काय आपला थोरला भाऊ झाला?"

"मान जागेवर असतो, तात्या."

"तुमच्या पोटात माझ्या पातीला खाली बसवलं आणि शिवाय धाकटी म्हणता. माझी मोठी आहे. तुम्हीच म्हणालात."

"पोट माझं आहे."

"हे काही उत्तर नाही," तात्या म्हणाले, आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेले.

त्यानंतर दोघे रोज फिरत, पण रस्त्याच्या दोन बाजूंनी. वेळ तीच, वेग तोच. मधून गाड्या जात. कोणी जुना ओळखीचा गेल्याची बातमी असली की एकमेकांना पलीकडे ओरडून सांगत. फक्त किडनीचा विषय काढत नसत.

इकडे दत्ताजीरावांनी भाजीवाल्याला, शेजाऱ्यांना, फोनवरून पुण्याच्या मुलाला आणि गॅस सिलेंडर द्यायला आलेल्या माणसालाही किडनी सांगून टाकली. पुण्याच्या मुलाने विचारले, "बाबा, पण खून का येत होता?" तर ते म्हणाले, "ते चालू आहे बघणं," आणि फोन बकुळाबाईंना दिला. गाठीबद्दल त्यांनी कोणालाच काही सांगितले नाही. बुधवारी रात्री जेवताना ते बकुळाबाईंना म्हणाले, "उद्याचं जमणार नाही. मी डॉक्टरला फोन केला. धारला जाऊन येऊ आधी."

"धारला काय आहे?"

"शालिग्रामरावांना सांगायला नको?"

"गाठीचं?"

"किडनीचं," दत्ताजीराव म्हणाले.

शालिग्रामराव हे बकुळाबाईंचे थोरले भाऊ. धारला त्यांचे बोअरवेलच्या पंपांचे आणि पाइपांचे दुकान. जावई म्हणून त्यांनी दत्ताजीरावांना कधी कमी केले नव्हते, पण देवास आणि धार यांचा विषय निघाला की ते कोणाचेच नसत. धार राज्य जुने, धारची गादी एकच, धारला किल्ला, धारला साडेबारा तलाव. देवासला काय, तर एक टेकडी आणि दोन राजे, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला अर्धी टेकडी. दत्ताजीराव हे लग्नापासून ऐकत आले होते.

गुरुवारी दोघे धारला पोचले तेव्हा शालिग्रामरावांच्या पत्नी राजाबाई यांनी उकडून भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचे दाल-बाफले केले होते. दत्ताजीरावांनी जेवण संपायची वाट पाहिली नाही. पहिला बाफला तुपात बुडवतानाच त्यांनी सुरुवात केली. शालिग्रामराव ऐकत गेले. त्यांचा घास हळू झाला.

"दोन नळ्या?" ते म्हणाले. "पूर्ण वेगळ्या? वरपासून खालपर्यंत? मध्ये जॉइंट नाही?"

"नाही. दोन स्वतंत्र. पाहा." चित्र आता घड्यांवर फाटायला आले होते.

शालिग्रामरावांनी ते पाहिले. माणूस पाइपांचा होता, त्याला त्यातली गोष्ट कळली. त्याने राजाबाईंकडे डाळ मागितली आणि जेवता जेवता स्वतःची कमर चाचपून पाहिली.

सकाळी ते पोहे न खाताच बाहेर पडले. राजाबाईंना वाटले दुकानात गेले असतील. ते परतले तेव्हा त्यांची चाल वेगळी होती. बैठकीत दत्ताजीराव पेपर वाचत होते. त्यांच्यासमोर येऊन शालिग्रामरावांनी काळी फिल्म धरली.

"दाजीसाहेब. सोनोग्राफी करून आलो."

"का? काय झालं?"

"काही नाही. वय झालं, बघून ठेवावं. उजव्या किडनीत काय निघालं, पाहा." त्यांनी एका काळ्या गोल ठिपक्यावर बोट ठेवले. "सिस्ट. पाण्याची असते. चारी बाजूंनी भिंत, मध्ये स्वच्छ पाणी. तलाव म्हणा ना."

दत्ताजीरावांनी फिल्म उजेडात धरली आणि परत दिली.

"धारला साडेबारा तलाव होते," शालिग्रामराव म्हणाले. "आजपासून साडेतेरा."

"याचा त्रास काय?"

"काही नाही. डॉक्टर म्हणाला, या वयात पुष्कळांना असते, विसरून जा."

"मग विसरा. पुष्कळांना असते ती गोष्ट सांगत काय बसलात? माझी जन्माची आहे. तुमचा तलाव तर आत्ता खोदलेला दिसतो."

"तलाव खोदावाच लागतो, दाजीसाहेब. तुमच्या दोन पाइपांतून येतं तेवढंच येतं ना पाणी? एका पाइपाने आलं असतं तेवढंच. मग दोन टाकून फायदा काय? माझ्या दुकानात कोणी असा माल मागितला तर मी त्याला समजावून परत पाठवीन."

"दुकानातला माल नाही हा. घराणं आहे."

बकुळाबाई आणि राजाबाई आत पोळ्या करत होत्या. पोळपाटाचा आवाज थांबला. बकुळाबाई पिठाच्या हातांनी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"दादा, झालं तुझं?" त्या म्हणाल्या. "तुमचं झालं? मग आता माझं ऐका. यांच्या लघवीच्या पिशवीत गाठ आहे. लघवीतून रक्त जातंय. डॉक्टर म्हणाली कॅन्सर असू शकतो, थांबू नका. काल ती काढायची होती. यांनी तारीख मोडली, कारण तुला किडनी सांगायची होती. थोरली मोठी की धाकटी मोठी, तलाव किती, मला त्यातलं काही नको. मला हा माणूस पाहिजे."

एवढे बोलून त्या दाराच्या चौकटीला टेकल्या. चौकटीला पीठ लागले.

शालिग्रामरावांनी हातातली फिल्म हळूच पाठीमागे नेली.

"दाजीसाहेब," ते म्हणाले, "हे खरं आहे?"

दत्ताजीराव पेपरची घडी करत होते. ती नीट होत नव्हती.

"खरं आहे," ते म्हणाले. मग बकुळाबाईंकडे न पाहता म्हणाले, "मी विसरलो नव्हतो. किडनीचं बोलत असलो की तेवढा वेळ ते आठवत नाही. म्हणून बोलत होतो."

राजाबाईंनी आत गॅस बंद केला, कारण तव्यावरची पोळी जळायला लागली होती.

"राजा," शालिग्रामरावांनी आवाज दिला, "माझे दोन जोड कपडे भर. मी यांच्याबरोबर देवासला जातो."

डॉक्टर वैभवींनी नवी तारीख लगेच दिली. त्या वेळी शालिग्रामरावही समोर बसले होते आणि त्यांनी आदल्या रात्री पुष्कळ विचार केलेला होता.

"डॉक्टरसाहेब, एक शंका आहे. दुर्बीण खालून घालायचीच आहे, तर मागून थोडा प्रेशर मारून गाठ आपोआप सुटणार नाही का? आमच्या बोअरमध्ये गाळ बसला की आम्ही तसंच करतो."

"नाही," डॉक्टर म्हणाल्या.

"आणि जाता जाता दोन नळ्यांना वॉल्व्ह—"

"नाही, मामासाहेब."

"मी आपलं विचारलं," शालिग्रामराव म्हणाले.

ऑपरेशनच्या सकाळी तात्या हॉस्पिटलच्या दारात थर्मास घेऊन उभे होते. बकुळाबाईंनी त्यांना फोनवर सगळे सांगितले होते. दत्ताजीरावांना चहा प्यायची परवानगी नव्हती हे त्यांना माहीत नव्हते.

"तुम्ही मला गाठीचं बोलला नाहीत," तात्या म्हणाले.

"तुम्ही रस्त्यापलीकडे होता," दत्ताजीराव म्हणाले. "इतकं ओरडून कसं सांगू?"

तात्यांनी मान हलवली. चहा त्यांनी आणि शालिग्रामरावांनी प्यायला.

पाठीत इंजेक्शन देऊन दत्ताजीरावांचे कमरेखालचे अंग बधिर करण्यात आले. जागे राहिलात तरी चालेल, असे त्यांना सांगितले होते, आणि ते पूर्ण जागे राहिले. समोर टीव्हीसारखा पडदा होता. डॉक्टरांनी दुर्बीण आत घातली आणि पडद्यावर गुलाबी भिंती दिसू लागल्या, बारीक लाल रेषांच्या.

"ही माझी पिशवी?"

"तुमचीच. आता इकडे पाहा, उजवीकडे एक तोंड. इथून उजव्या किडनीचं पाणी येतं." त्यांनी दुर्बीण फिरवली. "आणि डावीकडे दोन. एक, आणि तिच्याखाली ही दुसरी."

दोन बारीक फटी होत्या. एकीने जरा उघडझाप केली आणि पाण्याची धार आत आली. मग थोड्या वेळाने दुसरीने.

"वरचं तोंड थोरल्या पातीचं," दत्ताजीराव भूल देणाऱ्या डॉक्टरांना म्हणाले.

"उलटं," वैभवी म्हणाल्या. "वरच्या किडनीची नळी खाली उघडते. खालच्या किडनीची वर. नियमच आहे तसा."

"कोणाचा नियम?"

"शरीराचा."

"म्हणजे आकाराने लहान, आणि दारही खाली."

"हव."

"हे तात्यांना सांगू नका."

मग दुर्बीण आणखी डावीकडे गेली आणि गाठ दिसली. दत्ताजीरावांनी काहीतरी काळे, खडबडीत असेल अशी कल्पना केली होती. ही तर फिकट गुलाबी होती, तलावातल्या शेवाळासारखी बारीक बारीक झुपके असलेली, आणि पाण्यात हळूहळू डुलत होती.

"हीच का?"

"हीच."

"दिसायला वाईट नाही."

"दिसण्यावर जाऊ नका, काकासाहेब," डॉक्टर म्हणाल्या आणि तारेच्या बारीक वेढ्याने तिला कापायला लागल्या.

तुकडे सुटून पाण्यात फिरत होते. दत्ताजीरावांचे खांदे थडथडायला आणि दात वाजायला लागले. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी त्यांच्यावर गरम पांघरूण घातले आणि म्हणाले, या इंजेक्शनने अशी थंडी वाजते.

"हो, इंजेक्शनचीच," दत्ताजीराव म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "जरा हात धरता का?" आणि त्या डॉक्टरांनी हात धरला.

खोलीत आणल्यावर त्यांना लघवीची नळी लावलेली होती. पलंगाच्या वर सलाइनच्या मोठ्या बाटल्या होत्या. त्यांचे पाणी पिशवीत जाऊन, धुऊन, नळीने खालच्या थैलीत येत होते. हे पाहिल्यावर शालिग्रामरावांना आपण इथे कशाला आलो ते कळले. त्यांनी स्टूल ओढले आणि थैलीसमोर बसले.

"गुलाबी," त्यांनी जाहीर केले. थोड्या वेळाने, "फिका गुलाबी." मग, "फ्लो चांगला आहे. मोटर बरोबर चालतेय."

तात्या वाकून पाहत होते. "फिका गुलाबी नाही. हा केशरी."

"केशरी? रंग दिसतात का तुम्हाला?"

"नकाशे रंगवण्यात जन्म गेला माझा. हा केशरी आहे."

नर्स आल्या. दोघांनी त्यांना रंग विचारला. त्या म्हणाल्या, "एकच जण थांबायचं, बाकी बाहेर." दोघांनीही बकुळाबाईंकडे पाहिले. बकुळाबाई पलंगाजवळच्या खुर्चीत बसून, दत्ताजीरावांच्या पायावर हात ठेवून गाढ झोपल्या होत्या. पायाला अजून संवेदना नव्हती, त्यामुळे दत्ताजीरावांना तो हात कळत नव्हता, पण दिसत होता. त्यांनी दोघांना बोटाने दार दाखवले.

गाठ तपासून यायला काही दिवस लागले. त्या दिवसांत दत्ताजीरावांनी किडनीचा विषय काढला नाही आणि कोणी काढला तरी ते नुसते हसत. शालिग्रामराव धारला परतले नाहीत. दुकान मुलगा पाहत होता आणि ते दिवसातून अनेकदा फोनवर त्याला चुका सांगत.

मग डॉक्टरांनी बोलावले. या वेळी त्यांनी पहिले काय सांगू, असे विचारले नाही.

"कॅन्सर आहे," त्या म्हणाल्या, "पण वरवरचा. हलक्या जातीचा. असं समजा, भिंतीच्या रंगात होता, विटेत गेला नव्हता. रंग खरवडून काढला. आता तीन महिन्यांनी दुर्बिणीने बघायचं, आणि मग पुढेही बघत राहायचं, कारण हा परत येऊ शकतो. आला तर पुन्हा लवकर काढू. आणि सिगरेट आजपासून बंद."

"सिगरेटचा धूर तर छातीत जातो," दत्ताजीराव म्हणाले. "तो तिकडे खाली कसा पोचला?"

"छातीतून रक्तात, रक्तातून किडनीत, किडनी त्याचं विष गाळून पिशवीत पाठवते, आणि तुम्ही लघवीला जाईपर्यंत ते तिथे बसून राहतं. वर्षानुवर्षं."

दत्ताजीरावांनी खिशातून पाकीट काढून टेबलावर ठेवले. डॉक्टरांनी ते कचऱ्याच्या टोपलीत टाकले. बाहेर येऊन बकुळाबाई पायरीवर बसल्या आणि थोडा वेळ रडल्या. शालिग्रामरावांनी त्यांना रुमाल दिला आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

सिगरेटीच्या जागी दत्ताजीराव बडीशेप खाऊ लागले. एका आठवड्यात घरातली बडीशेप संपली. त्या दिवसांत त्यांचे भाजीवाल्याशी, पेपरवाल्याशी आणि घरच्या पंख्याशीही भांडण झाले. पंख्याने ते मनावर घेतले नाही. हळूहळू भांडणे कमी झाली. फिरायला ते आणि तात्या आता एकाच बाजूने जात. तात्यांना नळ्यांचा नियम कुठून तरी कळला होता, पण ते चार दिवस काही बोलले नाहीत. पाचव्या दिवशी एवढेच म्हणाले, "दार खाली असलं तरी दार ते दार," आणि दत्ताजीरावांनी ते मोठ्या मनाने ऐकून घेतले.

मे महिन्यात दुर्बिणीने पाहिले तेव्हा पिशवी स्वच्छ होती. डॉक्टर वैभवी म्हणाल्या, "पाणी भरपूर प्या, फिरा, मजा करा." हा हुकूम शालिग्रामरावांनी स्वतःवर घेतला. त्यांनी गाडी काढली आणि सगळ्यांना मांडूला न्यायचे ठरवले. दत्ताजीराव, बकुळाबाई, तात्या, राजाबाई आणि ते स्वतः.

उन्हाळा कडक होता. डॉक्टरांनी सांगितले म्हणून दत्ताजीराव धारपासून पाणी पीत होते. सोबत म्हणून तात्याही पीत होते. शालिग्रामराव तर गाडी चालवता चालवता पीत होते, कारण त्यांच्या मते पाण्याशी संबंधित कुठल्याही गोष्टीत मागे राहणे त्यांच्या धंद्याला शोभणारे नव्हते. वाटेतल्या नालछ्याला पोचेपर्यंत गाडी इतक्यांदा थांबली की राजाबाईंनी विचारले, आपण मांडूला चाललो आहोत की रस्त्याची पाहणी करायला.

नालछ्याच्या पुढे रस्त्याकडेला टरबुजांचा ढीग दिसला. राजाबाईंनी एक मोठे टरबूज घेतले, विकणाऱ्याकडून तिथेच कापून घेतले आणि फोडी कागदावर मांडून गाडीत आणल्या. पुरुषांनी दोन-दोन फोडी खाल्ल्या. गाडी सुरू झाली, वळण घेतले आणि पुन्हा थांबली.

"दाजीसाहेबांना लागली," शालिग्रामराव म्हणाले.

"मला नाही," दत्ताजीराव म्हणाले. "तुम्हाला लागली आहे."

"मला पण लागली आहे," मागून तात्या म्हणाले.

तिघे उतरले आणि पळसाच्या झाडांमागे गेले. बकुळाबाईंनी खिडकीची काच खाली केली. बराच वेळ कोणी परत येईना. झाडांमागून तिघांच्या बोलण्याचा आवाज येत होता. पंपाच्या हॉर्सपॉवरबद्दल काहीतरी चालले होते.

"येऊ दे त्यांना सावकाश," बकुळाबाई म्हणाल्या.

राजाबाईंनी टरबुजाचा कागद दोघींच्या मध्ये ओढला. बिया बाहेर टाकत टाकत दोघींनी उरलेले सगळे टरबूज संपवले.